सहा जणांचं सुशी जेवण: मे महिन्यात ठरलं, नोव्हेंबरात झालं

पतसंस्थेच्या काउंटरला बसून मला सोळा वर्षं झाली. समोरच्याला "झेरॉक्स कुठाय, फोटो कुठाय, पूर्ण करून या" असं दिवसातनं दहा वेळा तरी म्हणते. यंदा सुशी खायला जायचं म्हणून जो काय घोळ घातला त्यात मात्र ती झेरॉक्स विसरलेली बाई मीच होते. आता सगळं पार पडलंय, बिल फ्रिजवर चिकटवलंय, तर विसरायच्या आत लिहून ठेवते. घरात एक माळकरी, एक अ‍ॅलर्जीवाला आणि एक मटणाशिवाय रविवार न मानणारा असं गणित ज्यांचं असेल त्यांच्या कामाला येईल.

सुरुवात १३ मे २०२५. दहावीचा निकाल. लेकीला ९१.४० टक्के पडले. "नव्वदच्या वर पडले तर म्हणशील तिथं जेवायला नेते" असं मी फेब्रुवारीत बोलून बसले होते, माझ्या डोक्यात फार तर पनीर टिक्का, नान आणि शेवटी आईस्क्रीम. ही म्हणाली सुशी. आमच्या सांगलीत विश्रामबागच्या पुढं मिरज रोडला एक एशियन हॉटेल झालंय, जपानी, थाई, बर्मी, चायनीज सगळं एकाच मेनूत, आणि वर आपल्याकडचा ठेचाबिचा घालून केलेले प्रकार. तिच्या क्लासमधल्या दोघीतिघी जाऊन आलेल्या, फोटो बघितलेले, त्यामुळं दुसरं काही ऐकायलाच तयार नाही.

घरात आम्ही सहा. मी, अहो, लेक, धाकटा (वय नऊ), आणि आप्पा-आई म्हणजे माझे सासूसासरे. आई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादश्या, अंडंसुद्धा चालत नाही. आप्पा एसटीतनं रिटायर, त्यांना बुधवार-रविवार मटण लागतं, ते स्वतःच मागच्या अंगणात वेगळ्या चुलीवर वेगळ्या पातेल्यात शिजवतात आणि पातेलंही स्वतःच घासतात, लग्नाला पन्नास वर्षं होत आली तरी हा करार दोघांपैकी कुणीच मोडलेला नाही. आणि धाकट्याला कोळंबीची अ‍ॅलर्जी. तीन वर्षांपूर्वी रत्नागिरीला ट्रिपला गेलो असताना कोळंबी खाल्ली, अर्ध्या तासात ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, परक्या गावात रात्री साडेदहाला दवाखाना शोधत फिरलो. तेव्हापासून डॉक्टरांनी कोळंबी, खेकडा, शेवंड हे सगळं खानदान बंद केलंय. साधा मासा चालतो.

निकालानंतर लगेच जायचं होतं, पण २०२५ पासून अकरावीचे प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाले. भाग एक भरा, भाग दोन भरा, दहा कॉलेजांचा पसंतीक्रम, साइट उघडत नाही, घरात वातावरण असं की जेवायला बाहेर जायचं नाव काढायची सोय नव्हती.

शेवटी रविवार २२ जूनला उठलो आणि गेलो. फोन नाही, बुकिंग नाही. सहा जण एका गाडीत कोंबून, बाहेर पाऊस. सव्वाआठला पोचलो, बाहेरच्या बाकावर पन्नास मिनिटं बसलो. टेबल मिळालं तेव्हा नऊ वाजून गेलेले. मेनू हातात आला आणि मग आला तो मुलगा, म्हणाला, "सर, सुशी नाहीये आज. सॅमन शुक्रवारी येतो, कालच संपला, आणि सुशीचा भातही संपला." बाकीचं काय घ्यायचं ते बघू म्हणून मेनू चाळला तर उरामाकी, दानदान, खाव स्वे, तोम खा. आईंनी दोन पानं उलटली, मेनू मिटला आणि हळूच म्हणाल्या, "मला यातलं काय कळंना बाई, तुम्ही खावा, मी घरी जाऊन दूधभात खाईन."

मला वेटरला विचारता आलं असतं ना. यात काय असतं, त्यात मासा असतो का, यांना काय देता येईल. एकही प्रश्न विचारला नाही. आजूबाजूला सगळी तरुण मंडळी त्या खायच्या काड्या (चॉपस्टिक) फिरवत बसलेली, त्यांच्यासमोर "हे काय असतं हो" म्हणायला जीभ उचलेना. काउंटरच्या पलीकडं माणसं गप्प का उभी राहतात, आणि मी फॉर्म पुढं सरकवला की नुसतीच मान का हलवतात, ते त्या दिवशी मला कळलं. पाणी पिऊन उठलो. पावभाजी खाल्ली. लेक गाडीत एक शब्द बोलली नाही.

त्यानंतर जे लांबलं ते कॅलेंडरमुळं. ६ जुलैला आषाढी, म्हणजे आईंचा चातुर्मास सुरू, बाहेरचं कांदा-लसूण बंद. २५ जुलैपासून श्रावण, तेव्हा आप्पांचंही बंद. ऑगस्टात कोयनेतनं पाणी सोडलं की आमच्याकडं सगळ्यांच्या नजरा कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पातळीवर, २०१९ च्या महापुरानंतर ही सवय अंगातच भिनलीय, पाणी किती फुटावर आहे ते बघून मगच माणसं झोपतात. २७ ऑगस्टला गणपती, मग गौरी, मग पितृपंधरवडा, मग नवरात्र, दसरा, दिवाळी. मी मोबाईलमधे सगळ्या तारखा मांडून बघितल्या, सहाही जणांना चालेल असा एकही रविवार सापडेना. कार्तिकी एकादशी २ नोव्हेंबरला, ती झाली की आई मोकळ्या. शनिवारी ८ तारखेला संकष्टी, ती माझी. म्हणजे रविवार ९ नोव्हेंबर. त्यानंतर २१ पासून मार्गशीर्ष आणि त्याचे गुरुवार. सरकारी मुदतवाढ मिळेल, ही मिळायची नाही.

या मधल्या काळात एक गोष्ट चांगली झाली. लेकीनं १२ ऑक्टोबरला घरीच सुशी करायचं ठरवलं, मला तर वाटलं घरीच झाली तर पाच हजार वाचले. सुशी म्हणजे कच्चा मासा असं मी धरून चाललेले, तसं नाहीये. सुशीमधली मुख्य गोष्ट तो आंबट केलेला भात, त्याच्याबरोबर काकडी असो नाहीतर मासा असो, सुशीच. नुसते कच्च्या माशाचे काप असतात त्याला साशिमी म्हणतात. जपानी तांदूळ फार महाग म्हणून इंद्रायणी घेतला, चिकट होतो तो, त्यात व्हिनेगर, साखर, मीठ. नोरीची दहा पानांची पाकिटं ऑनलाइन मागवली, २४० रुपये. बांबूची चटई नव्हती तर नॅपकिनवर प्लॅस्टिक अंथरून गुंडाळलं. नोरीचं पाकीट फोडल्याबरोबर स्वयंपाकघरात सुकटीचा वास, आई दारातनंच मागं फिरल्या. "हे माशाचं आहे गं." मग समजावलं की हे समुद्रातलं शेवाळ आहे, वाळवून कागदासारखं केलेलं, मासा नाही. वास मात्र येतो, त्यामुळं घरात माळकरी असेल तर हॉटेलात जायच्या आधी एकदा घरी पाकीट फोडून दाखवाच. आईंनी एक तुकडा खाल्ला. म्हणाल्या, "भात गोड पण आहे आणि आंबट पण आहे, काय ठरवलं नाही वाटतं त्यानं."

काड्यांचा सरावही घरीच. वाटीत तासगावचे बेदाणे घेऊन बसायचं. बेदाणे चिकट, पटकन उचलले जातात. मग शेंगदाणे, ते निसटतात. धाकट्याला दोन दिवसात आलं, अहोंना अजून येत नाही.

आता खरी कामाची गोष्ट, फोन. मंगळवारी ४ नोव्हेंबरला ऑफिसमधनं लंच टायमात लावला तर मागं भांड्यांचा आवाज, "मॅडम चारनंतर करा." चार वाजून दहा मिनिटांनी केला आणि चौदा मिनिटं बोलले. दुपारचं जेवण संपलेलं, रात्रीची गर्दी सुरू व्हायचीय, शेफ स्वतः फोनवर येतो. हा शेफ दार्जिलिंगकडचा, आधी पुण्यात काम केलेला, हिंदीत बोलतो. मी वहीत प्रश्न लिहून बसले होते, एकेक विचारत गेले, आणि तो वैतागायच्या ऐवजी खूषच झाला.

आईंसाठी विचारलं ते हे. मेनूत हिरवा ठिपका आहे म्हणजे खरंच शाकाहारी का? कारण या खाण्यात मासा दिसत नाही पण असतो. मिसो सूप दिसायला डाळीच्या पाण्यासारखं, पण त्याचा आधार दाशी, म्हणजे सूपचं मूळ पाणी, ती बहुतेक करून वाळवलेल्या माशाच्या कात्रणांची करतात. थाई करीत फिश सॉस, आणि तिच्या मसाल्यात वाटलेली वाळकी कोळंबी. भाज्या परततात त्यात ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा. शेफ म्हणाला मिसो आम्ही माशाच्याच दाशीत करतो, त्यांना देऊ नका, खाव स्वे (नारळाच्या दुधातल्या बर्मी शेवया) फिश सॉसशिवाय करून देतो, मशरूम नुसत्या सोया-लसणात परततो. मग मी मिरिनचं विचारलं. ही जपानी गोड दारू, तांदळाची, स्वयंपाकात घालतात. त्यांच्याकडं तेरियाकी या गोडसर जपानी सॉसमधे होती, भातात नव्हती, भातात फक्त व्हिनेगर-साखर-मीठ. हा प्रश्न मला लेकीनं सुचवला, नाहीतर माळकरी बाईला मी दारू घातलेलं खायला घातलं असतं आणि दोघींनाही कळलं नसतं.

धाकट्यासाठी वेगळी यादी. खेकडा म्हणून जी लाल-पांढरी कांडी मिळते, कानी म्हणतात ती, ती खरं तर पांढऱ्या माशाच्या लगद्याची असते, पण त्यात खेकड्याचा अर्क असू शकतो, म्हणून बंद. आणि मग तळणीचं तेल. शेफला विचारलं, कोळंबी टेम्पुरा, म्हणजे पिठात बुडवलेली कोळंबी, ज्या तेलात तळता त्याच तेलात भाजी तळता का? तो दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, फ्रायर एकच आहे मॅडम. झालं, म्हणजे तळलेलं काहीच नको. आईंसाठीही नको. रोल कापायची सुरी आणि पाट आमच्यासाठी वेगळा घ्या म्हटलं, त्यानं हो म्हटलं. मेनूवर अ‍ॅलर्जीचं लिहिलेलं का नाही असंही विचारलं, तर तो नियम दहा किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या नाहीतर सेंट्रल लायसन्सवाल्या (केंद्राचा अन्नपरवाना असलेल्या) हॉटेलांना आहे, एकट्या-दुकट्या हॉटेलाला सक्ती नाही. म्हणजे छोट्या गावात आपणच विचारायचं.

टेबल रविवारी संध्याकाळी सातचं घेतलं. साडेआठचं घेऊ नका, तेव्हा किचनमधे झुंबड असते, तुमची सुरी वेगळी घ्यायला कुणाला सवड नसते. अ‍ॅडव्हान्स ५०० रुपये यूपीआयनं, पंधरा मिनिटांपेक्षा उशीर झाला तर टेबल जाणार. स्क्रीनशॉट काढून ठेवला (हे नंतर कामाला आलं). सॅमन शुक्रवारी सकाळी येतो, तर आमच्यासाठी एक प्लेट बाजूला ठेवा म्हटलं, तेही लिहून घेतलं त्यांनी.

शनिवारी रात्री मी एका कार्डावर हिंदीत आणि मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलं: कोळंबी, खेकडा, शेवंड, यांचा सॉस, यांच्या तेलात तळलेलं, काहीही चालणार नाही. दुसऱ्या बाजूला आईंचं: मासा, अंडं, फिश सॉस, ऑयस्टर सॉस, दारू नाही. धाकट्याच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी पर्समधे, आणि रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना कुठला ते आधीच बघून ठेवलं. अहो म्हणाले, "जेवायला चाललोय का ऑपरेशनला?" म्हटलं रत्नागिरीला तुम्ही गाडी चालवत होता, मागं पोराला धरून मी बसले होते.

रविवार, ९ नोव्हेंबर. सातला पाच कमी असताना पोचलो. हॉटेल अर्धं रिकामं. कार्ड वेटरच्या हातात दिलं, तो थेट आत घेऊन गेला, शेफ बाहेर येऊन आईंना नमस्कार करून गेला. तेवढ्यानं आईंचा चेहरा सैल झाला.

पहिलं आलं एडामामे. २६० रुपये. वाडग्यात हिरव्या शेंगा, वाफवलेल्या, वर जाड मीठ. आईंनी एक शेंग उचलली, उलटी-सुलटी केली, सोलली, आणि आप्पांकडं बघितलं. "अहो, हे तर सोयाबीन." होय की, कोवळं सोयाबीनच ते. आईंचं माहेर पलूसकडचं, भावाचं तीन एकर सोयाबीन, ते वाळवून विकतात, कोवळं असताना उकडून खाल्लं तर २६० रुपये वाडगा होतो हे भावाला आजच्या आज फोन करून सांगते म्हणाल्या. भुईमुगाच्या शेंगा उकडून खातो तसंच खायचं, साल टाकायचं. आईंनी अर्धा वाडगा एकटीनं संपवला, आणि मला तिथंच वाटलं की आता काही बिघडणार नाही.

मग सूप दोन, मशरूम, व्हेज डिमसम. डिमसम म्हणजे उकडीच्या मोदकाचे लांबचे भाऊ, आईंनी पाऱ्या मोजल्या आणि "बारीक पाडल्यात" असं प्रमाणपत्र दिलं. आप्पांना मधेच मंचुरियन हवं झालं. ते आमच्या स्टेशनजवळच्या गाड्यावर चांगलं मिळतं म्हटलं, आणि मंचुरियन काय चीनमधनं आलेलं नाही, मुंबईत १९७५ च्या सुमारास नेल्सन वाँग नावाच्या शेफनं काढलेलं. आप्पा म्हणाले, "मग ते आपलंच की, हे परक्याचं खाऊन बघू."

सुशी यायला पंचवीस मिनिटं लागली. अव्होकाडो-काकडीचा रोल, तेरियाकी चिकन रोल, सॅमन निगिरी. निगिरी म्हणजे भाताचा लांबट मुटका आणि त्यावर माशाचा काप, दोन नग ३८०. हे दोन्ही आप्पांचे. कच्चा मासा बघून आप्पा गप्प झाले. शेफला बोलावलं आणि आपल्या हिंदीत, "भैया, ये पकाया नहीं क्या?" शेफनं सांगितलं की हा नॉर्वेचा, पाळून वाढवलेला मासा आहे, आणि कच्चा द्यायचा मासा उणे २० डिग्रीला सात दिवस गोठवायचा असतो, म्हणजे त्यात कृमी असलेच तर मरतात. आप्पांचा पुढचा प्रश्न तयार, "कृष्णेतली मरळ अशी खाल्ली तर?" शेफनं कानाला हात लावला, नदीतला मासा कच्चा कधीच नाही, त्यात पोटात जाणारे कृमी जास्त असतात. मग आप्पांनी काड्या बाजूला ठेवून हातानंच उचलला आणि माझ्याकडं चोरून बघितलं. शेफ म्हणाला, बरोबर आहे, निगिरी हातानंच खातात. हा प्रकार दोनशे वर्षांपूर्वी जुन्या टोकियोत, तेव्हाच्या एडोत, रस्त्यावरच्या टपऱ्यांवर वाढला, कामावरचे लोक उभ्याउभ्या खायचे. म्हणजे त्यांचा वडापावच. आप्पांनी सोयामधे भाताची बाजू बुडवली, भात फुटून वाटीत पडला, शेफनं दाखवलं की उलटा करून माशाची बाजू टेकवायची. दुसरा नीट जमला. "कसा आहे?" विचारलं तर म्हणाले, "लोण्यासारखा आहे. मसाला कुणी काढून घेतलाय." पण दोन्ही खाल्ले.

हिरव्या वसाबीची गोळी बघून मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, ही चटणी नाही, काडीच्या टोकाला लागेल एवढीच. आईंनी टोकाएवढी जिभेवर ठेवली. डोळे मिटले, नाकाला पदर लावला, दहा सेकंद तशाच. मी पाण्याचा ग्लास घेऊन उभी. मग डोळे उघडून म्हणाल्या, "मिरची नाही ही. मोहरी आहे. फेसलेली." आणि खरंच तसंय. मिरचीचा तिखटपणा जिभेवर बसतो, वसाबीचा आणि मोहरीचा झणका एकाच जातीचा, नाकात जातो आणि विरतो. आपल्याकडं केळ्याच्या कोशिंबिरीत, कैरीच्या लोणच्यात मोहरी फेसून घालतात तेव्हा असंच होतं. शिवाय बहुतेक हॉटेलात वसाबी म्हणून जे देतात ते खरं वसाबी नसतंच, हॉर्सरॅडिश नावाचं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग. खरं वसाबी फार महाग. म्हणजे सहा जणांत आईंनी जिभेवर ठेवून जे ओळखलं ते पाकिटावर लिहिलेलं असतं. बाजूला गुलाबी आल्याचे काप होते ते दोन घासांच्या मधे तोंड साफ करायला, आईंना ते एवढे आवडले की दुसऱ्यांदा मागवले, त्याचे पैसे लावले नाहीत.

आणि मग ठेच्याचा रोल आला. ठेचा-पनीर रोल, ४४०, हा धाकट्यानं निवडलेला. प्लेट टेबलावर ठेवली आणि बघते तर वर सोनेरी कुरकुरीत चुरा. तो टेम्पुराच्या पिठाचा चुरा, म्हणजे त्याच तेलातला. धाकट्याचा हात पुढं गेलेला. मी हात धरला, जरा जोरातच, त्याच्या डोळ्यात पाणी आलं. वेटर नवीन होता, म्हणाला, "मॅडम वरचं काढून देतो." नको, तेल भाताला लागलेलं असतं, नवीन करा. हे म्हणताना माझा आवाज चढला, शेजारच्या टेबलानं वळून बघितलं. जूनमधे मी प्रश्नही विचारला नव्हता आणि आता भांडत होते. शेफ स्वतः आला, माफी मागितली, कार्ड किचनमधे टांगलेलं पण हा रोल दुसऱ्या पोरानं सजवला म्हणाला. बारा मिनिटांनी नवा रोल आला, वर चुरा नाही, भाजलेले तीळ. धाकट्यानं आठपैकी सहा खाल्ले. मी अर्धा तास त्याचे ओठ बघत होते.

म्हणून सांगते, फोनवर सांगितलं, कार्ड दिलं, तरी प्रत्येक प्लेट टेबलावर आली की आपण एकदा बघायचीच.

रामेन (सूपातल्या जपानी शेवया) अहो आणि लेकीनं वाटून घेतलं, खाव स्वे मी आणि आईंनी (वरच्या तळलेल्या शेवया काढून, त्याऐवजी शेंगदाण्याचा कूट, नारळाचं दूध असल्यानं आईंना ते कोकणातल्या कुठल्यातरी आमटीसारखं वाटलं), फ्राईड राइस मधे सगळ्यांना. लेकीचं काय? ती रोल खाताना फोटोच काढत होती, एकदा फक्त म्हणाली, "मम्मी, जूनमधेच जेवलो असतो तर आज्जी उपाशीच राहिली असती ना." शेवटी मोची, दोन नग २८०, अंडं-जिलेटीन नाही ना ते विचारून. चिकट तांदळाच्या पिठाच्या पारीत आईस्क्रीम. दोन नगाचे सहा तुकडे केले.

बिल. आलं ते ५,१८२ रुपये. मी काउंटरवरची बाई, बिल ओळ न ओळ वाचते. पदार्थांचे ४,७००. त्याखाली सर्व्हिस चार्ज ५ टक्के, २३५. त्या दोन्हीच्या बेरजेवर जीएसटी. आणि ५०० चा अ‍ॅडव्हान्स कुठंच वजा नाही. सर्व्हिस चार्ज हॉटेलला आपणहून बिलात लावता येत नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आहेत तशा, आणि मार्च २०२५ मधे दिल्ली हायकोर्टानं त्या कायम ठेवल्या. जीएसटी मात्र द्यावाच लागतो, साध्या हॉटेलला ५ टक्के, अडीच केंद्राचा अडीच राज्याचा. मी शांतपणे म्हटलं, हा चार्ज काढा आणि अ‍ॅडव्हान्स वजा करा. कॅशियर म्हणाला सिस्टीममधे आपोआप येतो. म्हटलं सिस्टीममधनं आपोआप जातो का ते बघा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मी मोबाईलवर काढून ठेवला होता, दाखवायची वेळ आली नाही. अ‍ॅडव्हान्सचा स्क्रीनशॉट मात्र दाखवावा लागला. वीस मिनिटं गेली, अहो गाडीत जाऊन बसले. नवं बिल: ४,७०० अधिक जीएसटी २३५, एकूण ४,९३५, वजा ५००, भरले ४,४३५. टिप म्हणून वेटरच्या हातात २०० दिले, तो चुरा घालणारा पोरगा वेगळा, हा आमचं कार्ड पळत आत घेऊन जाणारा.

माणशी साधारण सव्वाआठशे पडले. पोट भरलं का म्हणाल तर भरलं, पण फ्राईड राइस आणि खाव स्वेमुळं, नुसत्या सुशीवर सहा जणांचं पोट भरायचं तर दहा हजार लागतील. बाहेर पडायला सव्वानऊ झाले होते.

सोमवारी दुपारी हॉटेलातनं फोन आला, रेटिंग द्या म्हणून. चार दिले पाचपैकी, आणि एक का कापला तेही सांगितलं, चुरा, सर्व्हिस चार्ज, मेनूवर अ‍ॅलर्जीची एक ओळसुद्धा नाही. "बघतो मॅडम" म्हणाले. मीही काउंटरला असंच म्हणते, त्यामुळं फार काही धरलं नव्हतं. परवा लेकीच्या मैत्रिणी गेल्या होत्या, त्यांनी मेनूच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. खाली पेननं लिहून लॅमिनेशन केलंय: "कोलंबी, खेकडा एलर्जी असेल तर ऑर्डरच्या आधी सांगावे. तळणीचे तेल एकच आहे."